शाळेत शू दाबून बसणारी लेक आणि मी विचारलेले वीस प्रश्न

मुक्ता_ज | सोमवार, रात्री ११:४२

लेक चार वर्षांची. बालवर्गात जायला लागून तीन महिने झाले. गेले पंधरा दिवस पाण्याची बाटली भरून देते तशीच परत येतेय. घरी आली की चपलासुद्धा न काढता बाथरूमकडे पळते. दोनदा तर दारातच झाली. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "ती मागतच नाही, आम्ही काय करणार?"

आज सहज विचारलं, शाळेत शूला का जात नाहीस गं? तर म्हणाली, "तिथे काका असतात."

पोटात गोळाच आला. त्यापुढे मी काय केलं ते लिहिते, कारण सल्ला त्याच्यावरच हवाय. तिला मांडीवर घेतलं आणि एकामागून एक विचारत सुटले. काकांनी हात लावला? हो. कुठे, इथे? हो. चड्डी काढली? हो. रागावले? हो. आईला सांगू नको म्हणाले? हो. वीसेक प्रश्न झाले असतील. प्रत्येक उत्तर "हो". शेवटी मलाच काही सुचेना म्हणून विचारलं, काकांना शेपूट आहे का?

"हो."

त्यानंतर गप्प बसले. ती झोपलीये. नवरा म्हणतो, उद्या सकाळी जाऊन त्या माणसाची गचांडी धरतो. सासूबाई म्हणतात, उगाच बभ्रा नको. मला यातलं काय खरं, तेच कळेनासं झालंय.

दोनपाखरं | सोमवार, रात्री ११:५८

आई गं. उद्या शाळेत पाठवू नकोस एवढं आत्ता सांगते. आणि लघवी तपासून घे. माझा मोठा वर्षभर शाळेत शू-शी दोन्ही दाबायचा. आधी बद्धकोष्ठ, मग लघवीला जंतुसंसर्ग, मग रात्रीची गादी ओली. डॉक्टरांनी समजावलं की आतडं तुंबलं की ते मूत्राशयावर दाब देतं, हे सगळं एकाच साखळीतलं. म्हणजे कारण काही का असेना, दाबून बसणं हेच मुळात दुखणं आहे.

नीलपंख | मंगळवार, रात्री १२:३१

मुक्ता, मी लहान मुलांचं समुपदेशन करते. लांबलचक होईल, पण वाच.

आता तिला विचारणं पूर्ण थांबव. नवऱ्याला आणि आजीलाही विचारू देऊ नकोस. वही घे आणि आजचं सगळं जसंच्या तसं लिहून काढ: तिचं वाक्य तिच्याच शब्दांत, त्याआधी तू काय विचारलं होतंस, किती वाजले होते, ती तेव्हा काय करत होती. शेपटीचा प्रश्नही लिही. लाजेपोटी तोच गाळावासा वाटेल, पण पुढे कुणाला ही वही वाचायची वेळ आली तर सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होईल.

शेपटीला "हो" म्हणाली म्हणजे ती खोटारडी नाही. चार वर्षांच्या मुलाला आईचा बदललेला चेहरा दिसतो, आवाज दिसतो (हो, दिसतोच), आणि आईला हवंय ते उत्तर ते देऊन टाकतं. तसंच शेपटीमुळे काही घडलंच नाही असंही ठरत नाही. तिने आपणहून उच्चारलेलं वाक्य एकच: "तिथे काका असतात." तुझ्या हातात तेवढंच आहे.

हेच फार मोठ्या प्रमाणावर कॅलिफोर्नियात झालं होतं. १९८३ साली मॅकमार्टिन बालवाडीतल्या एका मुलाच्या आईने लैंगिक अत्याचाराची तक्रार केली. मग शेकडो मुलांना विचारलं गेलं, आणि विचारणारे म्हणत गेले, बाकीच्यांनी सांगितलंय, तू पण सांग, तू हुशार आहेस ना. मुलांच्या तोंडून भुयारं निघाली, उडणाऱ्या चेटकिणी निघाल्या. खटला १९९० मध्ये संपला तेव्हा एकही जण दोषी ठरला नाही. त्यातल्या एखाद्या पोराला खरंच काही झालं होतं का, हे मात्र कायमचं गाडलं गेलं. मला या प्रकरणातलं सगळ्यात भयंकर हेच वाटतं.

१९९८ मध्ये काही संशोधकांनी तीच विचारण्याची तऱ्हा ३ ते ६ वर्षांच्या मुलांवर करून पाहिली. एक पाहुणा वर्गात येऊन गोष्ट सांगून गेला होता, बस. आठवड्याने त्याने न केलेल्या गोष्टींबद्दल मुलांना विचारलं. नुसते सूचक प्रश्न होते तिथे १७ टक्के उत्तरं खोटा आरोप करणारी आली. त्यात शाबासकी आणि "बाकीचे तर हो म्हणाले" हे मिसळलं तर ५८ टक्के. आणि हे पाच मिनिटांच्या आत!

उलटी बाजूही तेवढीच खरी. ज्यांच्या बाबतीत घडलेलं असतं ती मुलं उशिरा सांगतात, तुकड्यातुकड्यांत सांगतात, आणि घरात आरडाओरडा झाला की "गंमत केली" म्हणून शब्द मागे घेतात. रोलँड समिट या मानसोपचारतज्ज्ञाने १९८३ मध्येच हे नीट मांडलंय. म्हणून उद्या ती "नाही, काही नाही" म्हणाली, तर तोही निकाल समजू नकोस.

पुन्हा ती आपणहून काही बोलली तर हातातलं काम चालू ठेव आणि एवढंच म्हण: "मग काय झालं?" किंवा "त्याबद्दल मला सगळं सांग." जिथे उत्तर हो किंवा नाही असं येऊ शकतं तो प्रश्न विचारायचाच नाही. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नकोस. सांगितलंस ते छान केलंस, एवढं पुरे.

तिरकीट | मंगळवार, सकाळी ७:१५

एवढं मानसशास्त्र कशाला? शाळेत कॅमेरे आहेत का ते विचारा, फुटेज मागा, विषय संपला. नसतील तर शाळा बदला.

बापमाणूस | मंगळवार, सकाळी ८:०४

धागा वाचून काळीज हललं. तरी एक लिहितोच, शिव्या खायची तयारी आहे. "काका" शब्द आला की आपण सगळे एकाच ठिकाणी पोचतो. मी माझ्या मुलीला आणायला जातो तेव्हा फाटकापाशी उभ्या आया माझ्याकडे कशा बघतात मला माहीत आहे. गचांडी धरायच्या आधी त्या माणसाचं तिथे काम काय, हे तरी विचारा. बादली घेऊन फरशी पुसत असेल.

दोनपाखरं | मंगळवार, सकाळी ८:१०

किंवा नसेल पुसत. @बापमाणूस, तुमचं दुःख समजतंय, पण आत्ता ते जरा बाजूला ठेवता का?

खडूफळा | मंगळवार, दुपारी २:२०

बावीस वर्षं पूर्वप्राथमिकला शिकवतेय. मधल्या सुट्टीत लिहितेय, चुकभूल द्यावी घ्यावी.

@तिरकीट, शौचालयात कॅमेरा लावता येत नाही, लावूही नये. म्हणजे आईबापांना ज्या जागेची सगळ्यात धास्ती, तिथे तो नाहीच. व्हरांड्यातल्या कॅमेऱ्यासमोर सहसा कुणी बसलेलं नसतं. काही घडून गेल्यावर फुटेज शोधतात, आणि तोवर बऱ्याचदा त्याच्यावर नवं चित्रण चढलेलं असतं. कॅमेरा असावा. पण तो आहे म्हणून निर्धास्त झालेली शाळा मला बिनकॅमेऱ्याच्या शाळेहून जास्त घाबरवते.

मुक्ताताई, मुख्याध्यापकांना हे विचारा. शूला मुलांना कोण घेऊन जातं? एकेकटं जातात की तीन-चार मिळून? ती बाई तिकडे गेली की वर्गात मागे कोण उरतं? (इथेच बहुतेक शाळा अडखळतात. माणूस एकच असतो, म्हणून मूल एकटं पाठवलं जातं.) सफाई कधी होते? आमच्याकडे मुलांची शूची वेळ आणि सफाईची वेळ एकमेकींत मिसळू द्यायची नाही, असा नियम आहे. आणि एका मुलाबरोबर एकच मोठं माणूस असेल, मग ती मी का असेना, तर ते दुसऱ्याला दिसेल असं आणि मध्येच कुणी येऊ शकेल असं. दार लोटलेलं चालतं, बंद नाही.

@बापमाणूस, हा नियम तुमच्या त्या बादलीवाल्या काकांच्याही भल्याचा आहे. एकट्या मुलासोबत एकट्याने उभं राहायची वेळच त्यांच्यावर येत नाही.

अवांतर होईल, तरी सांगते. मुलं वर्गात बसलेली असताना सहसा हरवत नाहीत. एका जागेवरून दुसरीकडे नेताना हरवतात. एकदा मैदानावरून परत आणताना रांग मोजली, पट २६, रांगेत २६. खूश. वर्गात येऊन बघते तर त्यातलं एक शेजारच्या तुकडीचं, आणि माझं एक घसरगुंडीखाली मुंग्या बघत बसलेलं! तेव्हापासून नुसती डोकी मोजत नाही. प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून नाव उच्चारते. वीस सेकंद जास्त लागतात.

तिरकीट | मंगळवार, दुपारी २:४१

ठीक, कॅमेऱ्याचं मान्य. पण कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी तरी असायलाच हवी. आणि शाळेचं फाटक दिवसभर कुलूपबंद.

नीलपंख | मंगळवार, दुपारी ३:३०

पडताळणी हवीच. फक्त तिच्यात सापडतो तो आधी नोंद झालेला माणूस. इंग्लंडमध्ये २००२ साली सोहम नावाच्या गावात दोन दहा वर्षांच्या मुलींचा खून एका शाळेच्या केअरटेकरने केला. त्याच्यावर आधी दुसऱ्या भागात अनेक आरोप झाले होते, पण ती माहिती नेमणूक करणाऱ्यांपर्यंत पोचलीच नाही. २००४ च्या बिचर्ड चौकशी अहवालात हे सगळं आलं आणि तिथली पडताळणीची पद्धतच बदलली. म्हणून शाळेला "कागद आहे का" विचारून थांबू नका. आधीच्या नोकरीच्या ठिकाणी स्वतः फोन करून विचारलं होतं का, हेही विचारा.

खडूफळा | मंगळवार, दुपारी ४:०५

आणि कुलुपाचं म्हणाल तर, बाहेरून येणारा अडला पाहिजे, आतून बाहेर पडणारा नाही. २००४ साली कुंभकोणमला शाळेच्या गवती छपराला आग लागून ९४ मुलं गेली. अरुंद जिना आणि बाहेर पडायला वाट नाही. दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे, एवढं लक्षात ठेवा.

कलम_दवात | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

इथे अर्धे लोक परदेशातले, कायदे वेगवेगळे. भारतापुरतं सांगतो. पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांच्या संरक्षणाचा कायदा, २०१२. कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी शंका आली तर पोलिसांना कळवणं कुणालाही बंधनकारक आहे. "आधी शाळेच्या पातळीवर चौकशी करू, खात्री झाली की बघू" हे मुख्याध्यापकांना चालत नाही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद. मुलाचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशाशिवाय (कलम २४). चाइल्ड हेल्पलाइन १०९८.

या प्रकरणात मात्र अजून कुणी काही म्हटलेलंच नाही, नीलपंख म्हणतात ते बरोबर. वही ठेवा.

दोनपाखरं | मंगळवार, रात्री ९:१५

एक प्रश्न सगळ्यांना. मुलांना शरीराची नावं कोणती शिकवता? "खरी नावं शिकवा" सगळे म्हणतात. मराठीत खरं नाव एक तर पाठ्यपुस्तकातलं, नाही तर शिवीतलं. मग घरोघरी चिमण्या आणि फुलपाखरं. माझ्या मैत्रिणीची लेक बाईंना म्हणाली होती, "त्या दादाने माझी चिमणी ओढली." बाई म्हणाल्या, "हो का? मग दुसरी काढ." चित्रकलेचा तास चालू होता.

खडूफळा | मंगळवार, रात्री ९:३३

बाप रे. आम्ही वर्गात "शूची जागा" आणि "शीची जागा" म्हणतो. कुठल्याही मोठ्या माणसाला पहिल्या झटक्यात कळतं, मुलालाही लाज वाटत नाही. पुस्तकी शब्द सहा-सात वर्षांपर्यंत आपोआप येतात.

नीलपंख | मंगळवार, रात्री १०:०२

+१, मूल कोणालाही सांगू शकेल आणि त्या माणसाला ते कळेल असा शब्द हवा. ब्रिटनच्या एनएसपीसीसी या बालसंरक्षण संस्थेने २०१३ मध्ये चड्डीचा नियम आणला. चड्डीने झाकलेलं ते आपलं खासगी, शरीर तुझं, नाही म्हणजे नाही, त्रास देणारं गुपित सांगून टाकायचं, बोललीस की मदत मिळेल. इतकाच. मी त्यात एक घालते. "सरप्राइज" आणि "गुपित" यातला फरक. सरप्राइज वाढदिवसाला फुटतं आणि सगळे हसतात. जे कधीच फुटायचं नसतं, ते गुपित घरी आणायचं.

आणि "अनोळखी माणसाशी बोलू नको" यावरच सगळा भर देऊ नका. लहान मुलांना त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, मुलाचा लाडका असतो, आणि त्याने आधी आईबापांचा विश्वास कमावलेला असतो.

चाकोरी | बुधवार, सकाळी १०:२०

विषयाला थोडा फाटा फोडतो. मी खेळाच्या साहित्याची तपासणी करायचो. आपण राक्षस शोधत असतो आणि मुलांना इजा भलत्याच गोष्टींनी होते. गळ्यातलं ओळखपत्र बघा. त्याचा पट्टा ओढला की सुटणारा आहे का? नसेल तर घसरगुंडीच्या वरच्या कठड्यात तो अडकतो आणि मूल खाली लटकतं. टोपीच्या दोऱ्यांचंही तेच. मग कठड्याचे गज. साधारण ९ ते २३ सेंटीमीटरची फट वाईट. पाय आणि धड आरपार जातं, डोकं जात नाही. टेप घेऊन गेलात तर शाळावाले हसतील, हसू देत.

दाराच्या बिजागरीकडची फट बोटं चिरडते, पट्टी लावून मिळते. बटनाच्या आकाराचे सेल असलेली खेळणी वर्गात नकोत. असा सेल गिळून अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत जळायला सुरुवात होते, त्यामुळे "शीतून पडेल" म्हणत वाट बघायची नाही.

व्हॅनवाल्यांना सांगा, शेवटचं मूल उतरलं की मागच्या सीटपर्यंत चालत जाऊन बघायचं, रोज. झोपलेलं पोर आरशात दिसत नाही, आणि बंद गाडी बाहेर फार ऊन नसतानाही तापते. जी काही तापायची ती बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच तापते.

रातकिडा | बुधवार, सकाळी ११:००

वाचनखूण साठवली. मुक्ता, काय झालं गं पुढे?

मुक्ता_ज | गुरुवार, रात्री १०:४८

सगळ्यांचे आभार. जाऊन आलो. नवऱ्याला आधी वही वाचायला दिली, शेपटीपर्यंत आला आणि खुर्चीवर बसून राहिला. गचांडी वगैरे काही झालं नाही.

मुख्याध्यापकांना मी आरोप केला नाही. मुलगी शू दाबतेय, शूला कोण नेतं ते सांगा आणि मला ती जागा मुलांच्या वेळेला बघू द्या, असं लिहून दिलं. आधी टाळाटाळ, मग नेलं. चार छोटी शौचालयं. त्यातल्या तिसऱ्याच्या दाराला लोखंडी कडी, बरोबर माझ्या लेकीच्या नाकासमोर. मी ओढून पाहिली. लागते पटकन, उघडताना मलाच दोन्ही हात लावावे लागले.

मी काही बोलायच्या आत सोबतच्या मदतनीस बाई म्हणाल्या, "हो, एकदा अडकली होती ना ती. सफाईच्या काकांनी काढलं." कधी? "झाले असतील पंधरा-वीस दिवस." घरी का नाही कळवलं? बाई माझ्याकडे बघत राहिल्या. वर्गशिक्षिका म्हणाल्या, काकांनी त्याच दिवशी येऊन मला सांगितलं होतं, पण लगेच निघाली आतून, लागलं तर नव्हतं. कुठे नोंद नाही.

कालपासून पाठवलं नव्हतं. आज दुपारी ठोकळे मांडत होती. काही विचारलं नव्हतं मी, शपथ. आपणच म्हणाली, "कडी लागली." मी कपडे घडी करत राहिले. "मग काय झालं?" म्हणाली, "मी हाका मारल्या. कोणी आलंच नाही." मग बराच वेळ ठोकळेच. मग, "वरून काकांचा हात आला." दाराच्या वर मोकळी जागा आहे, मी पाहिलीये. अंधारात बसलेल्या चार वर्षांच्या पोरीला वरून एक मोठा हात आत येताना कसा दिसला असेल, याचा विचार करतेय.

@बापमाणूस, तुम्हाला हे वाचून बरं वाटेल. मला पूर्ण नाही वाटलेलं. त्या वीस "हो"मध्ये एखादं खरं होतं का, ते आता मला कधीच कळणार नाही, आणि ते मीच करून ठेवलंय.

नीलपंख | गुरुवार, रात्री ११:१५

आजचं ज्या पद्धतीने ऐकलंस त्याला पैकीच्या पैकी. हेही वहीत लिही, तारखेनिशी. डॉक्टरांना दाखवलंस ना? एक लक्षात ठेव, तपासणीत काही सापडलं नाही तरी त्यावरून "काहीच झालं नाही" असं ठरत नाही, बहुतेक मुलांची तपासणी साफच येते. दोन-तीन महिने वही चालू ठेव. झोप, खाणं, चिकटणं, नवीन भीती. कडीची भीती असेल तर ती कडी गेली की हळूहळू ओसरताना दिसेल. नाही ओसरली तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, तुझ्या जवळच्या कुणाचं नाव सुचवेन.

खडूफळा | शुक्रवार, दुपारी २:१०

शाळेकडून लेखी घ्या की कड्या काढल्या. आणि एक वही सुरू करायला लावा. मूल पडलं, अडकलं, चावलं, काहीही, त्याच दिवशी नोंद आणि घरी निरोप. यातला माणूस बरोबर वागला, शाळा चुकली. आणि मुलीच्या मनात मात्र शाळा नाही, काका बसले.

बापमाणूस | शुक्रवार, दुपारी २:४४

बरं वगैरे नाही वाटलं हो. पोरीने हाका मारल्या आणि कोणी आलं नाही, तेच डोक्यात फिरतंय सकाळपासून.

मुक्ता_ज | नऊ दिवसांनी, संध्याकाळी ५:३०

लघवीत संसर्ग निघाला होता, औषध झालं. चारही दारांच्या कड्या काढल्या, आता नुसती लोटायची अर्धी दारं आहेत, बाहेर मदतनीस बाई उभ्या असतात. सफाई शाळा सुटल्यावर. नोंदवहीला "बघू" म्हणालेत, मी दर सोमवारी आठवण करणार आहे.

पहिले चार दिवस मी तिला बाईंबरोबर तिथे नेऊन आणलं, दार ढकलून दाखवलं, आत बसून ती मला हाका मारायची आणि मी "आले" म्हणायची. हा खेळ तिला इतका आवडला की घरीही सुरू आहे. काकांना लांबून बघते. जवळ जात नाही. मी जा म्हणत नाही.

आज बाटली अर्धी रिकामी आली! मी नाचायचीच बाकी होते. मग दप्तर उघडलं, तर त्यातलं निम्मं पाणी आत सांडलेलं.

दोनपाखरं | त्याच दिवशी, संध्याकाळी ५:४१

झाकणातली रबरी चकती बघ, निसटली असेल.